नाव बांधण्याची गाठ

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, बंदर नाही, गलबतांचा इतिहासही नाही. तरीही नाव सुरक्षित बांधून ठेवण्याचा प्रश्न येथे काल्पनिक नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांना गोदावरीचा काठ लाभला आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले आणि त्याच्या पाठीमागे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. सेलूजवळ दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प उभा राहिला. ढालेगाव, मुदगल, मुळी, डिग्रस येथील उच्च पातळी बंधाऱ्यांमुळे, एरवी हिवाळ्यानंतर वाळूत हरवणाऱ्या गोदावरीच्या पात्रात अनेक महिने पाणी उभे राहू लागले. जेथे पाणी उभे राहिले तेथे मासेमारी आली, मासेमारीबरोबर होड्या आल्या, आणि होडी आली की संध्याकाळी ती बांधून ठेवणे आले.

भोई आणि कोळी समाजातील मच्छीमारांच्या लाकडी वा पत्र्याच्या नावा, शेताच्या पलीकडच्या तुकड्यावर जाण्यासाठी शेतकऱ्यांनी तयार केलेले थर्माकोलचे तराफे, पूरपरिस्थितीसाठी प्रशासनाने ठेवलेल्या रबरी आणि फायबरच्या बोटी, या सर्वांना काठाशी जखडून ठेवणारी वस्तू एकच : हातभर दोरात घातलेली एक गाठ. ती सुटली तर नाव वाहून जाते आणि तिच्याबरोबर एका कुटुंबाचे हंगामभराचे उत्पन्न जाते. मात्र ती वेळेवर सुटली नाही, तर वाढत्या पाण्यात तीच गाठ नावेला खाली ओढून बुडवते. पहिला धोका सर्वांना दिसतो. दुसरा धोका बहुधा पुराच्या रात्रीच कळतो.

मराठी भाषेने गाठींचे दोन ठळक वर्ग फार पूर्वीच पाडून ठेवले आहेत. निरगाठ म्हणजे घट्ट बसणारी, सहजासहजी न उकलणारी गाठ. सुरगाठ म्हणजे टोक ओढताच सुटणारी गाठ. नाव बांधणाऱ्याची अडचण अशी की त्याला या दोहोंतील एकही पुरेशी नाही. निरगाठीसारखी धरून ठेवणारी आणि सुरगाठीसारखी हाताला ऐकणारी, तीही दोरावर ताण असताना ऐकणारी, अशी गाठ त्याला हवी असते. जगभरच्या खलाशांनी या एका गरजेपोटी शेकडो प्रकार शोधले. अमेरिकन लेखक क्लिफर्ड ॲशले यांच्या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या गाठींच्या कोशात ३,८००हून अधिक नोंदी आहेत. काठावर नाव बांधण्यासाठी त्यांतील दोन-तीन पक्क्या येत असल्या तरी काम भागते.

दोराची कोणतीही गाठ दोन तत्त्वांवर धरते. एक, दोर एखाद्या वस्तूभोवती गुंडाळला की त्या वस्तूशी त्याचे घर्षण होते. दोन, दोराचाच एक भाग दुसऱ्या भागावर दाबून बसतो आणि त्याला हलू देत नाही. यांपैकी पहिले तत्त्व किती सामर्थ्यवान आहे याची कल्पना सहसा नसते. खुंट्याभोवती दोराचा एक वेढा वाढवला की पकड दुप्पट होत नाही, ती गुणाकाराने वाढते. अठराव्या शतकातील गणिती लेओनार्ड ऑयलर यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र हेच सांगते. दोर आणि लाकूड यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने हातातील जोर सुमारे ५ पट भार पेलतो, दोन वेढ्यांनी २३ पट आणि तीन वेढ्यांनी ११० पट. म्हणजे खुंट्याला दोन वेढे दिले असतील तर दोराचे मोकळे टोक १० किलोच्या जोराने धरणारा मुलगा २३० किलोची ओढ थोपवू शकतो. गाठीचे काम त्यानंतर उरते ते फक्त त्या मुलाच्या हाताची जागा घेण्याचे.

म्हणून नाव बांधताना प्रथम वेढा आणि नंतर गाठ, हा क्रम कधीही मोडू नये. गाठच सर्व भार घेईल अशा भरवशावर जे वेढा देण्याचे टाळतात, त्यांची गाठ ओल्या दोरात इतकी आवळते की सकाळी ती कोयत्याने कापावी लागते.

खुंटगाठ

इंग्रजीत जिला क्लोव्ह हिच म्हणतात आणि स्काऊटच्या शिबिरांत जी अगदी आरंभी शिकवली जाते, ती खुंटगाठ बहुतेकांच्या परिचयाची आहे. मोकळे टोक खुंट्याभोवती एकदा फिरवावे. पुढे येताना ते मूळ दोराला तिरके ओलांडून वर न्यावे. त्याच दिशेने खुंट्याला आणखी एक वेढा द्यावा आणि टोक त्या तिरक्या पट्ट्याच्या खालून बाहेर काढून ओढावे. गाठ बरोबर बसली असेल तर खुंट्यावर दोन समांतर वेढे आणि त्यांना दाबून धरणारा एक तिरका पट्टा दिसतो. दोराची दोन्ही टोके त्या पट्ट्याखालून परस्परविरुद्ध दिशांना निघालेली असतात.

खुंट्याचा माथा मोकळा असेल तर टोक फिरवत बसण्याची गरज नसते. दोराच्या मध्यावर सारख्याच वळणाच्या दोन कड्या कराव्यात, एकीवर दुसरी ठेवावी आणि दोन्ही मिळून खुंट्यावर वरून घालून ओढाव्यात. सराव असलेला माणूस हे काम दोन-तीन सेकंदांत करतो. कड्या ठेवण्याचा क्रम उलटा झाला तर मधला तिरका पट्टा तयारच होत नाही आणि दोर नुसता गुंडाळल्यासारखा राहतो. ही तपासणी अंधारातही बोटांनी करता येते, आणि करावीच.

खुंटगाठीचा गुण म्हणजे ती झटपट बसते आणि तितक्याच सहजतेने सुटते. तिचा दोषही तोच आहे. ओढ एकाच दिशेने आणि सतत असेल तोवर ती चांगली धरते. परंतु पाण्यातील नाव कधीही एका दिशेने ओढत नाही. ती पुढे-मागे होते, वाऱ्याने फिरते, लाटेबरोबर झटके देते. प्रत्येक झटक्याला खुंटगाठ थोडी थोडी सरकते, आणि खुंटा गुळगुळीत असेल किंवा दोर नायलॉनचा अथवा प्लास्टिकचा असेल तर रात्रभरात ती पूर्ण उकलू शकते. चौकोनी खांबावर तर ती मुळात नीट बसतच नाही. मासे उतरवण्यापुरती, माणसे चढेपर्यंत नाव थांबवायची असेल तर खुंटगाठ पुरेशी आहे. नाव सोडून घरी जायचे असेल तर नाही.

येथे शेतकऱ्याच्या अनुभवाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण जिल्ह्यातील बहुतेक होड्या बांधणारे हात आधी बैल बांधायला शिकलेले असतात. दावे, कासरा, येसण, नाडा, सोंदूर, चऱ्हाट असे दोराच्या प्रत्येक कामाला वेगळे नाव देणाऱ्या समाजाला गाठ शिकवण्याचे कारण नाही. परंतु गोठा आणि घाट यांत एक मूलभूत फरक आहे. दावणीचा बैल दिवसातून काही वेळा ओढ देतो, एरवी दावे सैल असते; शिवाय गोठ्यातील खुंटा जागचा हलत नाही आणि जमिनीची पातळी रात्रीतून चार हात वर येत नाही. पाण्यात ओढ अखंड असते आणि पातळीची खात्री नसते. म्हणून गोठ्यात वर्षानुवर्षे निभावलेली गाठ घाटावर फसते. ‘नांगर’ हा शब्द परभणीत जमीन उलथतो आणि कोकणात गलबत थांबवतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे : साधन एकच वाटते, कामे निराळी.

दोन वेढे, दोन अढ्या

मुक्कामासाठी नाव बांधायची असेल तर सर्वांत भरवशाची गाठ म्हणजे वेढा आणि दोन अढ्या. अढी म्हणजे दोराचे टोक दोराभोवतीच एकदा फिरवून स्वतःच्या खालून काढणे, अर्धी गाठ.

नावेकडून आलेला दोर खुंट्याच्या मागून फिरवावा आणि तो पुन्हा एकदा मागून फिरवून टोक नावेच्या दिशेला आणावे. खुंट्याच्या मागच्या अंगाला आता दोराच्या दोन रेषा दिसल्या पाहिजेत. याच टप्प्यावर क्षणभर थांबून मोकळे टोक धरून पाहावे. नाव प्रवाहात असली तरी तिचा भार खुंट्याने घेतलेला असतो आणि हाताला थोडाच जोर लागतो. टोक हळूहळू सैल सोडून दोराची लांबी याच अवस्थेत ठरवता येते. त्यानंतर टोक ताणलेल्या मूळ दोरावरून पलीकडे न्यावे, खालून परत आणावे आणि टोक व खुंटा यांच्यामध्ये जी फट राहते तिच्यातून बाहेर काढून ओढावे. ही पहिली अढी. दुसरी अढी अगदी तशीच, त्याच दिशेने, पहिलीच्या पुढे म्हणजे नावेच्या बाजूला घालावी. दोन्ही अढ्या सरकवत खुंट्याजवळ नेऊन एकमेकींना चिकटवून आवळाव्यात.

चूक होते ती दुसऱ्या अढीत. पहिली अढी वरून घातली आणि दुसरी खालून, तर दोन्ही मिळून जी आकृती होते तिला इंग्रजीत काऊ हिच, म्हणजे शब्दशः गायीची गाठ म्हणतात. ती दिसायला नीटनेटकी असते, पण झटक्यांमध्ये लवकर सैल होते. दोन्ही अढ्या एकाच दिशेच्या असतील तर मूळ दोराभोवती बरोबर खुंटगाठच तयार झालेली दिसते : दोन वेढे आणि वर तिरका पट्टा. जिला खुंटगाठ ओळखता येते तिला ही गाठही तपासता येते, त्यासाठी वेगळी खूण लक्षात ठेवावी लागत नाही.

या गाठीचे खरे मोल सोडवताना कळते. पाणी चढत आहे, नाव ओढ घेत आहे, दोर तारेसारखा ताणलेला आहे, अशा वेळीही दोन्ही अढ्या मोकळ्या करता येतात, कारण भार त्यांच्यावर नसून वेढ्यांवर असतो. अढ्या सुटल्यावरही वेढे नावेला धरून ठेवतात आणि माणसाला दोर हळूहळू सोडता येतो. फासगाठीत हे शक्य नाही. खलाशांची प्रसिद्ध बोलाईन, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची गाठ, मजबूत आणि एरवी सहज उकलणारी असली तरी ताण असताना ती सोडवता येत नाही. म्हणून नावेच्या नाळेवरील कडीला बोलाईन आणि काठावरच्या खुंट्याला वेढा व दोन अढ्या, अशी विभागणी योग्य ठरते. जे टोक अडचणीच्या वेळी सोडायचे आहे ते नेहमी माणूस जेथे उभा राहू शकतो त्या बाजूला असावे. पूर आल्यावर नावेत उडी घेऊन कडीची गाठ सोडवण्याचा प्रयत्न करणे जिवावर बेतते.

दुसऱ्या अढीत टोक पूर्ण न ओढता त्याची दुमड आत घालून सुरगाठ ठेवण्याची पद्धतही आढळते. टोकाला एक हिसका दिला की ती सुटते. माणूस जवळ असेल तोवर ती सोयीची आहे. मात्र काठावर चरायला आलेल्या शेळीलाही तो हिसका देता येतो, हे विसरू नये.

दोर कशाचा

एकेकाळी मराठवाड्यात दोर म्हणजे अंबाडी, ताग किंवा घायपाताचा वाख, हे समीकरण होते. हे धागे खरबरीत असल्याने गाठ चांगली धरतात. भिजल्यावर ते फुगतात, दोर लांबीला थोडा आखडतो आणि गाठ आवळते. म्हणून कोरड्या दोराने नाव ताणून बांधली आणि रात्री पाऊस पडला, तर सकाळपर्यंत एक तर गाठ दगडासारखी होते किंवा खुंटा उपटला जातो. ओलसर ठेवलेला असा दोर कुजतो, आणि कुजण्याची सुरुवात आतून होत असल्याने ते बाहेरून लवकर दिसत नाही. पीळ उकलून आतला धागा पाहणे हा एकच खात्रीचा उपाय आहे.

आता बाजारात मिळतो तो बहुतांशी नायलॉनचा किंवा पॉलिप्रॉपिलिनचा दोर. नायलॉन ताणाखाली लांबतो आणि झटका पचवतो, म्हणून नाव बांधण्यासाठी तो उत्तम. परंतु तुटल्यास तितक्याच जोराने उलटा उसळतो. ताणलेल्या नायलॉनच्या रेषेत उभे राहू नये, हा नियम मोठ्या बंदरांतील गोदी कामगारांना शिकवतात. पुराच्या वेळी गोदाकाठीही तो तितकाच लागू आहे. रंगीत, हलका, स्वस्त असा जो दोर किराणा दुकानाबाहेर टांगलेला दिसतो तो बहुधा पॉलिप्रॉपिलिन. तो पाण्यावर तरंगतो आणि कुजत नाही, पण उन्हाने झिजतो. वैशाखाच्या उन्हात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या अशा दोराची भुकटी हाताला लागू लागली की तो टाकून द्यावा. त्याचा पृष्ठभाग निसरडा असल्याने दोन अढ्यांऐवजी तीन घालाव्यात, टोक हातभर लांब सोडावे आणि ते मूळ दोराला सुतळीने बांधून टाकावे. दोर कोणताही असो, १२ मिलिमीटर जाडीला निदान १५ सेंटिमीटर मोकळे टोक राहिलेच पाहिजे.

कोणत्याही गाठीने दोराची ताकद घटते, कारण वळणावर बाहेरच्या धाग्यांवर अधिक ताण येतो. ही घट गाठीनुसार सर्वसाधारणपणे एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत असते. दोर निवडताना त्याच्या सांगितलेल्या ताकदीचा निम्माच भाग हिशेबात धरावा, हे यावरून उघड आहे. नावेच्या काठावर किंवा घाटाच्या दगडी कडेवर जेथे दोर घासतो, तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा गोणपाट गुंडाळले तर दोराचे आयुष्य कितीतरी वाढते. पुष्कळ नावा गाठ सुटल्यामुळे नव्हे, तर घासून दोर तुटल्यामुळे जातात.

खुंटा आणि जमीन

गाठ कितीही पक्की असली तरी ती खुंट्याहून पक्की असू शकत नाही, आणि परभणीत खरी परीक्षा खुंट्याची होते. जिल्ह्याची जमीन प्रामुख्याने काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. मे महिन्यात घणाने ठोकूनही आत न जाणारी मेख ऑगस्टमध्ये एका हाताने हलते. ज्या काळात खुंट्यावर सर्वाधिक भार येतो त्याच काळात जमीन त्याला सोडते.

त्यावर उपाय साधेच आहेत. खुंटा बाभळीचा असावा, लांबी कमरेइतकी, आणि तिचा दोन तृतीयांश भाग जमिनीत असावा. तो सरळ उभा न ठोकता माथा पाण्याच्या विरुद्ध बाजूला झुकवून ठोकावा. दोर खुंट्याच्या माथ्याला नव्हे तर जमिनीलगत बांधावा. माथ्याला बांधलेला दोर खुंट्याला पहारीसारखा उचकटतो. एका खुंट्याचा भरवसा नसेल तर मागे तीन-चार हातांवर दुसरा ठोकून पहिल्याचा माथा दुसऱ्याच्या बुंध्याशी ताणून बांधावा, म्हणजे पहिला झुकू लागताच दुसरा त्याला धरतो. वाळूत कोणताच खुंटा टिकत नाही. तेथे वाळू भरलेले पोते किंवा लाकडाचा ओंडका मधोमध दोर बांधून, प्रवाहाला आडवा, निदान गुडघाभर खोल पुरावा. गोदावरीच्या पात्रात वाळूच्या बेसुमार उपशाने जे खोल खड्डे पडले आहेत, त्यांच्या कडेला मात्र तसेही काही पुरू नये. पाणी चढताच ती कड ढासळते.

झाड मिळाले तर सर्वांत चांगले. परंतु जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीच्या खाली उभी असलेली झाडे पुढेमागे पाण्यात जातात आणि वाळलेल्या झाडाचा वरून भक्कम दिसणारा बुंधा मुळाशी कुजलेला असतो. येलदरीसारख्या जलाशयात पाण्याची कड वर्षभरात फार मोठ्या अंतराने मागे-पुढे होते. तुटीच्या वर्षी काठापासून लांब गेलेले पाणी, धरण भरले की पुन्हा जुन्या कडेला येऊन टेकते. आज ज्या झाडाला नाव बांधली ते झाड पुढच्या महिन्यात कोठे असेल, याचा विचार आजच करावा लागतो.

दोराची लांबी

गाठ, दोर आणि खुंटा ही तिन्ही चोख असूनही नाव बुडू शकते, आणि त्याचे कारण लांबी हे असते. पाण्याच्या कडेशी खुंटा आहे, नाव दोन मीटर दोराने आखडून बांधली आहे, आणि वरच्या बंधाऱ्याचे किंवा पैठणच्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडल्याने रात्रीतून पातळी तीन मीटर चढली, तर खुंटा तीन मीटर पाण्याखाली जातो. दोन मीटरचा दोर मग नाळेला पाण्याखाली ओढतो आणि नाव भरते. गाठ सुटली असती तर नाव वाहत जाऊन कोठेतरी अडकली तरी असती. २००६ आणि २०२५ या वर्षांत गोदावरीला आलेल्या महापुरांनी पाणी किती वेगाने चढते हे जिल्ह्याला दाखवून दिले आहे.

व्यवहारात उपयोगी पडणारे गणित असे, की पाणी जितके चढण्याची शक्यता आहे त्याच्या तिप्पट दोर सोडावा. तीन मीटर चढ अपेक्षित असेल तर नऊ मीटर दोर. अशा वेळी पाणी पूर्ण चढले तरी दोर पाण्याशी सुमारे १९ अंशांचा कोन करतो आणि ओढीचा तिसरा हिस्साच नाळेला खाली खेचतो. याहून चांगला मार्ग म्हणजे खुंटाच उंचावर, पुराच्या खुणेच्या वर ठोकणे. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर जुन्या कड्या असतील तर खालची सोयीची कडी सोडून वरची गैरसोयीची कडी निवडावी.

पातळी उतरतानाही धोका असतोच. बंधाऱ्यातून पाणी सोडले की वरच्या बाजूची पातळी खाली जाते, आखडून बांधलेली नाव पायऱ्यांवर किंवा चिखलात कलती टेकते आणि पाणी परत चढताना उचलली जाण्याऐवजी कललेल्या बाजूने भरते. जेथे पातळी सारखी बदलते तेथे नाव काठाला बांधण्याऐवजी थोड्या खोल पाण्यात जड दगडाच्या नांगरावर उभी करून, काठाला फक्त ढिली राखण-दोरी ठेवणे बरे.

वाहत्या पाण्यात नाव नेहमी नाळेने बांधावी आणि नाळ प्रवाहाच्या तोंडाला असावी. गोदावरी येथे साधारणतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, म्हणजे नाळ पश्चिमेला. हा केवळ संकेत नव्हे. चार मीटर लांबीची, ४० सेंटिमीटर पाण्यात बुडालेली नाव सेकंदाला दोन मीटर वेगाच्या प्रवाहात आडवी सापडली तर दोरावर सुमारे ३०० किलोची ओढ येते. तीच नाव प्रवाहाला तोंड देऊन असेल तर ओढ याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. मागचा भाग फिरून नाव आडवी होऊ नये म्हणून वरामीकडून दुसरा दोर काठावरच्या वेगळ्या खुंट्याला द्यावा. तो पहिल्याहून सैल असावा आणि पूर येण्याची चिन्हे दिसताच आधी तोच सोडावा. दोन्ही दोर एकाच खुंट्याला बांधले तर दुसऱ्या दोराचा उपयोग संपतो.

थर्माकोलचा तराफा या हिशेबात बसत नाही. त्याला वजन नसते, दोर बांधण्याजोगी कडी नसते आणि दोर त्याला चिरत जातो. त्याच्या खालून दोन आडव्या बांबूंची चौकट घेऊन दोर त्या चौकटीला बांधावा. आणि खरे तर तो काठावर ओढून पालथा घालून ठेवणे हेच त्याचे बांधणे.

गाठ घालताना बोटे दोर आणि खुंटा यांच्यामध्ये येऊ देऊ नयेत. दोराचे वेटोळे पायाभोवती ठेवून उभे राहू नये. माणसाच्या कमरेला दोर बांधून पाण्यात उतरवण्याचा प्रसंग आला तर येथे वर्णन केलेल्या गाठींपैकी खुंटगाठ मुळीच वापरू नये, ती आवळत जाऊ शकते किंवा सुटू शकते. त्यासाठी न सरकणाऱ्या फाशाची गाठच हवी, आणि तीही ज्याला अंधारात घालता येते त्यानेच घालावी.

नाव बांधून झाल्यावर लगेच घराकडे वळू नये. नावेला हाताने चार-पाच झटके देऊन दोन्ही अढ्या पुन्हा एकदा आवळाव्यात, कारण नवीन गाठ पहिल्या काही झटक्यांतच बसते किंवा सरकते. पावसाळ्यात झोपण्यापूर्वी आणि पाणी सोडल्याची दवंडी किंवा निरोप येताच दोराची लांबी पुन्हा पाहावी. हंगाम संपला की दोर गोड्या पाण्यात धुवून, सावलीत वाळवून, सैल वेटोळे करून टांगावा. घासलेला भाग कापून टाकावा आणि उरलेल्या दोराची टोके उलटी करावीत, म्हणजे वर्षभर खुंट्याशी राहिलेले टोक पुढच्या वर्षी नावेकडे जाईल.